चाचांची पखाल

मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार, सकाळ. नाशिकच्या गंगापूर रोडवरचं आमच्या संस्थेचं आवार. हजर: दातांच्या डॉक्टर देवरे, मी आणि चाचा. ट्रेलर जोडलेला, पाण्याचे कॅन, हातमोजे, एक्स-रेच्या फिल्म आणि जेवणाचे डबे चढवलेले. मी नेहमीसारखं विचारलं, "चाचा, आज डर किती?"

"आज काही नाही, ताई," चाचा म्हणाले.

मी हातातली यादी खाली ठेवून त्यांच्याकडे नीट पाहिलं.

चाचांना ओळखणाऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही, पण बाकीच्यांसाठी सांगते. गाडी चालवायची भीती वाटणारे आणि ती न लपवणारे ड्रायव्हर मी आयुष्यात एकच पाहिले, ते चाचा. साठीच्या अलीकडचे, शिडशिडीत, मेंदी लावलेली दाढी, हाफ स्वेटर बारा महिने अंगात. निघण्याआधी चहाचा ग्लास हातात घेऊन ते त्या दिवसाच्या भीत्या सांगायचे. "आज तीन गोष्टींचा डर हाय. गिरणाऱ्यापाशी ऊस भरलेले ट्रॅक्टर असतील, एक. घाटात धुकं असेल, दोन. आणि तिसरी अजून आठवत नाय, तिचाच जास्त डर हाय." मी याद्या करणारी बाई. मला हा माणूस पहिल्या दिवसापासून आवडला. ते भीती सांगायचे, मी तिच्यावर काय करायचं ते ठरवायची: उशिरा निघायचं, दिवे तपासायचे, डॉक्टरांची गाडी पुढे ठेवायची की मागे.

द्वारकेच्या चौकातले बाकीचे ड्रायव्हर त्यांना 'डरपोक चाचा' म्हणत. एकदा एकाने आमच्यासमोरच आवाज दिला, "काय चाचा, निघाले का? ॲम्ब्युलन्स पाठवू मागनं?"

चाचा ग्लास विसळत म्हणाले, "पाठव ना बेटा. तुला लागेल तेव्हा तीच आणून देतो."

आमचं काम म्हणजे फिरता दवाखाना. पेठ, सुरगाण्याकडच्या पाड्यांवरच्या बायका मिश्री लावतात, पुरुष तंबाखू खातात, आणि तोंडात पांढरा चट्टा उठला तरी नाशिकला दाखवायला कुणी येत नाही. म्हणून दातांच्या दोन खुर्च्या आणि एक एक्स-रे मशीन एका लांब ट्रेलरमध्ये बसवलं. तो ट्रेलर ओढायला एक छोटा ट्रक, ज्याला मागे हौदा नसतो, नुसती पाठ असते. ड्रायव्हर लोक त्याला 'घोडा' म्हणतात. घोड्याच्या पाठीवर ग्रीस लावलेली एक जाड लोखंडी तबकडी असते. ट्रेलरच्या मानेखालची पिन तिच्यात अडकते आणि ट्रेलरचं पुढचं सगळं वजन घोड्याच्या पाठीवर येतं. पहिल्या वर्षी प्रत्येक खड्डा त्या लोखंडातून थेट ट्रेलरमध्ये जायचा. खुर्च्यांचे नट गळून पडले, एक्स-रे मशीनचा हात तडकला. मग अंबडच्या एका वर्कशॉपने तबकडीखाली हवेची पिशवी बसवून दिली. जाड काळं रबर, उशीएवढं. धक्का पिशवीने खायचा, मशीनने नाही.

पिशवी बसवून आली त्या दिवशी चाचा तिच्याभोवती फिरत राहिले. "एवढं ओझं हवेवर, ताई? हवेचा काय भरवसा? इलेक्शनमध्ये एका रात्रीत फिरते."

"वर्कशॉपवाले म्हणतात, लोखंडापेक्षा बरी."

"म्हणणारच. ते कुठं घाटात बसणार हायेत तिच्यावर."

दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी तिला नाव देऊन टाकलं: पखाल. चाचांचे आजोबा पखाली होते. जुन्या नाशकात घरोघर कातड्याच्या पखालीतून पाणी घालायचे. ठासून भरलेली पखाल चालताना पाठीवर उसळी मारते आणि ढिली भरलेली डुचमळून माणसालाच पाडते, हे चाचांनी आजोबांकडून ऐकलेलं. म्हणून भरताना अंगठा दाबून बघायचा. "कानाच्या पाळीसारखी लागली तर ढिली. टाचेसारखी लागली तर ठासली. दात आवळलेल्या माणसाच्या गालासारखी लागली, की बस."

हवा मोजायचा काटा होता. मी दोन्ही करायला लावायची, आधी काटा, मग अंगठा. चाचा कुरकुरत. "काटा कंपनीचा हाय, ताई. अंगठा घरचा." तरी ऐकायचे. आणि अंगठा काही अचूक नव्हता. एका वैशाखात त्यांनी भर दुपारी 'टाचेसारखी लागते' म्हणून हवा सोडली. काट्याने ती जास्तच सुटल्याचं दाखवलं, आणि पुन्हा भरली तरी चाचा माझ्याशी बोलले नाहीत. पेठ आलं तेव्हा पहिलं वाक्य म्हणाले, "उन्हाचा दोष हाय."

कॅम्पवर त्यांना काम नसायचं, पण तेच सगळ्यांना हवे असायचे. बायका खुर्चीला बिचकायच्या. एक म्हातारी पायरीवर अडून बसली. "चाचा, पयले तुमी बसा खुर्चीवं. मंग मी."

"आज्जी, घाट दहा वेळा उतरतो," चाचांनी हात जोडले, "पण या डॉक्टरीणबाईंची पकड नाय सोसणार. मला लय डर लागतो."

म्हातारी हसली ती हसता हसता आत गेली. ड्रायव्हर घाबरतो म्हटल्यावर आपण घाबरलं तर चालतं, असं काहीतरी त्या बायकांना वाटत असावं. चाचा बाहेर पायरीशी उभे राहून प्रत्येकीला विचारत, "झालं? दुखलं का?" आणि उत्तर ऐकताना स्वतःचा गाल धरत.

तर त्या गुरुवारी त्यांना कसलाच डर नव्हता. काटा आदल्या आठवड्यात बिघडला होता, नवा सांगून ठेवला होता. त्यामुळे सगळं अंगठ्यावर. चाचांनी उजवा अंगठा दाबला, बराच वेळ दाबला. मग डावा. मग अख्खा तळहात ठेवला आणि बोटांच्या पेरांनी टकटक करून कान लावला, कलिंगड बघतात तसा.

"काय म्हणते पखाल?"

"थंडीनं रबर कडक झालंय. बरोबर हाय." आणि माझा उपास म्हणून आणलेली केळी त्यांनी माझ्या हातात दिली. "बसा, ताई."

मी त्यांच्या शेजारी बसले. डॉक्टर त्यांच्या गाडीतून मागे. सपाट रस्त्यावर काही कळलं नाही. घाट उतरायला लागलो आणि पहिल्या खड्ड्यात मागून धाडकन आवाज आला, लोखंडावर लोखंड. मला वाटलं कुणी ठोकलं. चाचांनी आरशात पाहिलं, मागे डॉक्टरांशिवाय कुणी नव्हतं. दुसरा धक्का वळणावर बसला. केबिन पुढून उचलल्यासारखी झाली आणि चाचांच्या हातातलं स्टिअरिंग एकदम हलकं, रिकामं फिरलं.

"ताई," चाचा हळू आवाजात म्हणाले, "पुढची चाकं जमीन धरत नाहीत."

डावीकडे दरी होती. कठड्याचे दगड जागोजागी पडलेले. मागून ट्रेलरचं वजन लोटत होतं आणि प्रत्येक खड्ड्यात ते घोड्याच्या पाठीवर आपटत होतं. चाचांनी गिअर खाली आणला. इंजिन किंचाळायला लागलं. डॉक्टरांचा हॉर्न मागे सलग वाजत होता. त्या काय सांगत होत्या कुणास ठाऊक. मी समोरची दांडी धरली होती आणि मांडीवर केळ्यांचा लगदा झाला होता. चाचा पखालीशी बोलत होते, आजारी म्हशीशी बोलावं तसं. "थांब ग. थांब माझी माय. जरा दम धर." माझ्याकडे त्यांनी एकदाच पाहिलं आणि म्हणाले, "दार उघडून ठेवा. मी सांगितलं की कडेच्या मातीवर उडी मारा, विचारू नका."

मी दार उघडलं. दरीची हवा पायाला लागली. आजही जिना उतरताना मधेच ती पायाला लागते आणि मी कठडा धरते.

उडी मारावी लागली नाही. डोंगराच्या बाजूला रस्ता जिथे रुंद होता, तिथे चाचांनी उजवं चाक मातीच्या उतारात घुसवलं आणि गाडी घासत, थरथरत उभी राहिली. मी उतरून चाकांखाली दगड लावले. डॉक्टर धावत आल्या. "ठिणग्या उडत होत्या, ठिणग्या! मी हॉर्न देतेय कधीची!"

मी पखालीवर अंगठा ठेवला. आत गेला. कानाच्या पाळीपेक्षाही मऊ.

चाचा माझ्याशेजारी येऊन वाकले. त्यांनीही अंगठा ठेवला, दाबला. "बरोबर तर हाय," ते म्हणाले. "कडक हाय की, ताई."

त्यांचा अंगठा पेरापर्यंत रबरात रुतला होता. त्यांनी तो पाहिला. बाहेर काढला, परत दाबला, परत रुतला. ते त्या अंगठ्याकडे असे बघत होते, जणू तो रस्त्यात कुणाचा तरी पडलेला सापडला आहे.

डॉक्टरांनी त्यांना दगडावर बसवलं. आपल्या पेटीतून दात तपासायची टोकदार सळई काढली. "चाचा, तिकडे बघा. डोंगराकडे. मी टोचलं की सांगा."

चाचा डोंगराकडे बघत राहिले. वारा होता. थोड्या वेळाने म्हणाले, "टोचा ना, डॉक्टर. वाट कसली बघता?"

अंगठ्यावर रक्ताचा थेंब आला होता.

"कधीपासून?" डॉक्टरांनी विचारलं.

"रमजानच्या आधी चहाचा ग्लास गरम लागेना. मला वाटलं चहावाला बदलला."

"साखर तपासली होती?"

चाचांनी अंगठ्यावरचा थेंब स्वेटरला पुसला.

"चाचा, तपासली होती का?"

"डर वाटला," चाचा म्हणाले. ऊस, धुकं, कठडे, इलेक्शनची हवा, सगळ्याचा डर आम्हाला सांगितलेल्या माणसाने हा एक सांगितला नव्हता.

दातांच्या खुर्चीला हवा पुरवणारा कंप्रेसर ट्रेलरमध्ये होताच. त्याची नळी बाहेर ओढून आम्ही पखाल भरली. अंगठा माझा, सूचना चाचांच्या. "दात आवळा, ताई. आता गाल दाबा. आता ही दाबा. सारखं लागतं?" सारखं लागेपर्यंत त्यांनी मला सोडलं नाही. चाचांचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज शिकवणाऱ्या माणसाचा होता. नळी काढल्यावर मी म्हटलं, "चला, हळूहळू उतरू."

त्यांनी चावी माझ्या तळहातावर ठेवली आणि माझी मूठ मिटली. "हाताचं तुम्ही बघितलं. पायाचं मला पण माहीत नाय. ब्रेकवर असतो का नसतो, मी इतके दिवस नुसता अंदाजानं दाबतोय का, काय सांगू?" मग एकदम मोठ्याने, जवळजवळ ओरडून, "मी तुम्हाला घेऊन फिरलो, ताई! तुम्हाला!"

पेठहून एक ट्रकवाला आला आणि गाडी खाली घेऊन गेला. कॅम्प दुपारी झाला. चाचा डॉक्टरांच्या गाडीत मागच्या सीटवर बसून होते, दोन्ही हात मांडीवर, तळवे वर. मागे पायरीवर अडून बसलेली म्हातारी त्यांना शोधत आली. काचेतून बघून परत गेली आणि कुणी न सांगता खुर्चीवर जाऊन बसली.

त्यानंतर त्यांनी घोडा चालवला नाही. नवा काटा आला, मी स्वतः बसवून घेतला. ड्रायव्हर मात्र टिकत नाहीत. एक जण म्हणाला, "मॅडम, डोळे मिटून नेतो." त्याला मी चहा पाजून परत पाठवलं. सध्या ओझरचा एक जण कॅम्पपुरता येतो. चांगला आहे. मी शेजारी बसते आणि घाट संपेपर्यंत समोरची दांडी सोडत नाही.

रक्ताची आणि हातांची तपासणी डॉक्टर देवरेंनी ओळखीच्या दवाखान्यात करवून घेतली. साखर भरपूर निघाली, गोळ्या सुरू झाल्या. पायांची राहिली. त्यांची बायको, आमची चाची, फोनवर सांगते की डाव्या पायाच्या करंगळीला काळं दिसलं होतं, पण आता हे मोजा काढू देत नाहीत. मी दवाखान्यात दोनदा वेळ घेतली. पहिल्यांदा पाहुणे आले होते. दुसऱ्यांदा मी सकाळी रिक्षा घेऊन त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी उभी राहिले. चाचा बाहेर आले, त्याच स्वेटरमध्ये, रिक्षेची दांडी धरून उभे राहिले. चाची मागे उभी, तोंडावर पदर.

"ताई, आज तीन गोष्टींचा डर हाय," ते म्हणाले.

"सांगा."

ते पायाकडे बघत राहिले. रिक्षावाल्याने इंजिन बंद केलं. मी वाट बघितली. शेवटी त्यांनी मान हलवली, दांडी सोडली आणि आत गेले.

तिसरी वेळ मी घेतली आहे, येत्या सोमवारची. फोन करून चाचांना ते सांगायचं राहिलं आहे.