वडनेरच्या बाळाच्या डोळ्यातला फोटो

भूतखेत, बाहेरचं, लागिर... यातल्या कशावर माझा काडीचा विश्वास नव्हता. माझ्या सासूबाई तर म्हणतात, हिच्यासमोर भूत आलं तर ही आधी त्याच्या चष्म्याचा नंबर काढेल! मलकापूरच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात मी टेक्निशियन आहे. डोळ्यांचे फोटो काढणं हेच माझं काम, आणि कॅमेऱ्यात जे नाही ते जगात नाही असं मानणारी मी बाई. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय. पण घडलं ते घडलं.

बोंडअळीने बीटी कपाशीची पार वाट लावली होती, त्या हंगामातली गोष्ट. आमचा दवाखाना तेव्हा खेड्यांत जाऊन तान्ह्या बाळांचे डोळे तपासायचा. हातात मावणारा कॅमेरा आणि टॅब घेऊन मी वडनेर भोलजीला गेले. तिथल्या आशाताईंनी मला एका शेतकऱ्याच्या घरी नेलं आणि त्या उंबऱ्यावरच बसल्या. भर दुपार होती. समोरच्या खोलीत भिंतीला लागून कापसाचा ढीग. अळीने जो काही सोडला होता तो भाव चढेल या आशेवर ठेवलेला. घरातली माणसं कडेकडेने अंग चोरून चालत होती.

बाळ मुलगी होती, महिन्याच्या आतली. तिची आजी मोठ्या कौतुकाने म्हणाली, "पाह्य म्याडम, असे डोये साऱ्या गावात नाई कोनाचे! नजर लागू नये म्हनून आमी भायेर काढतच नाई तिले."

डोळे खरंच टपोरे होते. पण मी वाकून नीट पाहिलं. तान्ह्या बाळाची बुबुळं एवढी मोठी नसतात, आणि यांच्यावर तर निळसर धुकं होतं.

बाळाची आई रेखा हळूच म्हणाली, "उजेडात आनलं का डोये गच्च मिटते, ताई. पानी वाह्यते नुसतं."

"बाळंतिनीच्या खोलीतलं लेकरू हाये," आजींनी तिला तोडलं. "अंधाराची सवय, दुसरं काय!"

झालं! मोठ्या डोळ्यांचं कौतुक आणि अंधाऱ्या खोलीचं कारण, या दोन गोष्टींत आजार झाकून गेला होता. मी रेखाला समोरच्या खोलीत बसवलं, बाळ मांडीवर. कापसाच्या ढिगाकडे पाठ करून मी चार-सहा फोटो घेतले आणि आमच्या डॉक्टरांना पाठवले. त्यांचा लगेच फोन आला. जन्मजात काचबिंदू. क्वचित दिसतो, पण दिसला की थांबायला वेळ नसतो. डोळ्यातला दाब वाढून नस मरत चालली होती. उद्याच औरंगाबादला न्या, ऑपरेशन लागेल, नाहीतर मुलगी आंधळी होईल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

आजी उसळल्याच. "काचबिंदू म्हाताऱ्याले होते, तान्ह्या पोरीले काऊन होईन? आन् सव्वा मयना झाल्याबिगर लेकरू गावाभायेर नेत नसतात. इतक्या देखन्या डोयाले चाकू लावता काय तुमी?"

रेखा खाली मान घालून रडत होती. त्या घरात आजींचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. माझं डोकं फिरलं. "आजी, नजर लागू नये म्हणून जपताय, आणि तिची नजरच चाललीय की हो!"

बुबुळावरचं धुकं त्यांना दाखवावं म्हणून मी टॅबवर एक फोटो मोठा केला... आणि तशीच थबकले.

बुबुळात समोरचं सगळं उमटतं. माझं डोकं, कॅमेऱ्याचा उजेड, मागचा कापूस. ते सगळं होतंच. पण कापसासमोर, माझ्या पाठीशी, एक मुलगी उभी होती. आठ-नऊ वर्षांची, हडकुळी. हात कपाळावर आडवा धरलेला... उन्हात आपण धरतो तसा.

मी गर्रकन मागे वळले. कोणी नाही. कापूस जसाच्या तसा. आधीचे फोटो पाहिले, नंतरचे पाहिले. त्यांत मी आणि कापूस, बस.

मी अवाक्षर काढायच्या आधीच आजींनी टॅब ओढून घेतला. डोळ्यांजवळ धरून बघितला. मग त्यांच्या तोंडून कसंबसं निघालं, "शांते..."

"कोन शांता?" रेखाने विचारलं. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, तिने हे नाव ऐकलेलंच नव्हतं.

"माही पयली पोरगी. असेच डोये होते तिचे. उजेडात आली का असाच हात धरे. आमी म्हनो, नखरे करते. मंग तिले दिसनंच बंद झालं... आन् एक दिवस विहिरीत गेली."

मग आजी स्वतःच उठल्या, बाळाला टोपरं बांधायला लागल्या. "रेखा, कपडे भर. तुह्या नवऱ्याले वावरातून बलाव. कापूस राह्यला तर राह्यला."

दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. आता ती पोरगी शाळेत जाते. जाड भिंगाचा चष्मा आहे, पण फळ्यावरचं वाचते.

आमचे डॉक्टर म्हणाले, गावातलं एखादं पोर डोकावलं असेल. असेलही. पण उंबऱ्यावर बसलेल्या आशाताई शपथेवर सांगतात, आत कोणी गेलं नाही. माझ्या मागे आणि कापसाच्या पुढे माणूस उभं राहील एवढी जागाही नव्हती. मला याचा उलगडा आजतागायत झालेला नाही, आणि दुसऱ्या कुठल्या फोटोत असलं काही पुन्हा दिसलंही नाही.

ऑपरेशननंतरच्या एका तपासणीला आजी आल्या होत्या. सगळे बाहेर गेल्यावर माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "म्याडम, तो फोटू मले कागदावर काढून द्या."

"आजी, नीट काही दिसत नाही हो त्यात. सावली असेल नुसती."

"असू द्या. तिचा एकबी फोटू नाई आमच्यापाशी."

मी काढून दिला. जमेल तेवढा मोठा करून.