काळीज मोजणारा मेहुणा

अख्ख्या मुलुंडमध्ये समोरच्याच्या गळ्याकडे पाहून बोलणारा माणूस एकच आहे, आणि तो माझ्याच नशिबी मेहुणा म्हणून आला. गळ्याची शीर कशी उडते ते तो बघत असतो. गॅसवाला सिलिंडर घेऊन चौथ्या मजल्यावर आला, तर सही करायची सोडून हे महाशय त्याच्या मानेकडे टक लावून उभे. "अहो, बसा जरा. फार जोरात चाललंय," म्हणाला. त्या बिचाऱ्याने गळ्यातली चेन शर्टाच्या आत ढकलली आणि पाणीही न पिता जिना उतरला.

त्याचा दोष नाही, धंदाच तसा. चेंबूरच्या एका प्रयोगशाळेत तो माशांच्या पिल्लांचं हृदय मोजतो. मासा म्हणजे सुरमई नव्हे. मांदेलीहून बारका, अंगावर पट्टे असलेला झेब्राफिश. त्याचं अंडं मोहरीएवढं आणि आतलं पिल्लू काचेसारखं आरपार. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली धरलं की हृदय धडधडताना दिसतं, रक्ताचे कण शेपटीकडे पळताना दिसतात. मेहुणा त्याची फिल्म काढतो, मग ती सावकाश फिरवून हृदय किती फुगलं, किती आकसलं, रक्त किती वेगाने धावलं ते मोजत बसतो. हे सगळं त्याने मला माझ्या साखरपुड्यात सांगितलं, अर्थात गळ्याकडे बघत. शेवटी म्हणाला, "घाबरू नका भावोजी, नवऱ्या मुलाला एवढं चालतं."

पिल्लांचं वय त्याला नातेवाइकांच्या वयापेक्षा पक्कं पाठ. चुलतबहिणीच्या लग्नात जेवता जेवता उठला आणि "माझी पिल्लं आज दोन दिवसांची झाली, निघतो" एवढं सांगून पसार झाला. गडी अविवाहित. पंगतीला खुलासे करता करता आमची जिलबी गार झाली.

हृदय कॅमेऱ्यासमोर यावं म्हणून पिल्लाला पातळ जेलीत कुशीवर निजवावं लागतं, तेही जेली घट्ट व्हायच्या आत. हे कसब दाखवायची त्याला भारी हौस. एकदा बायकोने पाहुण्यांसाठी चायना ग्रासचं पुडिंग लावलं होतं. ह्याने त्यात मोहऱ्या सोडल्या आणि टूथपिकने एकेक फिरवत बसला. "ताई, बघ ना, सगळ्या एकाच कुशीवर! झकास ना?" मोहरीला कूस असते हे पाहुण्यांना त्या दिवशी कळलं.

सासूबाई मूळच्या मालवणच्या. "झिला, मासे खावचे सोडून त्यांची काळजां कसली मोजतंस?" हे त्यांचं रोजचं. पण यंदा त्यांनाच धाप लागू लागली, पाय सुजले, आणि डॉक्टरांनी हृदयाचा इको काढायला सांगितला. त्या काही ऐकेनात. "माका काय्येक झाला नाय," म्हणायच्या, आणि मग हळूच, "आतसून काय निघाला तर?"

शेवटी मेहुणा त्यांना प्रयोगशाळेत घेऊन गेला. मीही सोबत होतो. सासूबाईंनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला तो काढेनात.

"इवलासा तां," मग त्या म्हणाल्या, "नि काय धावता रे!"

"आई, मी नुसतं बघतो गं. तुझंही नुसतं बघणार."

"चल तर," म्हणाल्या. मेहुणा आनंदाने प्रयोगशाळेतच नाचायचा बाकी होता.

दोन दिवसांनी इको निघाला. पडद्यावर सासूबाईंचं हृदय उघडझाप करू लागलं. मी मेहुण्याला पुढे ढकलायला वळलो, कारण आमच्यात यातला जाणता तोच. तर हा भिंतीकडे तोंड करून उभा.

"भावोजी," तो कसाबसा म्हणाला, "चालू आहे ना?"

एवढं मोजमाप येणारा माणूस, आणि त्याने इतकंच विचारलं. "चालू आहे रे," मी म्हणालो.

झडप जराशी सैल झालीय, गोळ्यांवर भागेल, असं डॉक्टरांनी मागाहून सांगितलं. त्याने ते नीट ऐकलं की नाही कोण जाणे. बाहेरच्या बाकावर तो आईचा हात धरून बसून राहिला. मला तो त्या दिवशी फार आवडला. सासूबाई मात्र त्याच्या सुकलेल्या तोंडाकडे बघून एकच विचारत होत्या, "सकाळपासून काय खाल्लंस रे, झिला?"