शुक्रवारचा ओके

मला जळायला फार काही लागत नाही, हे आधीच सांगून टाकते. शेजारणीचा कढीपत्ता माझ्यापेक्षा जोमात वाढला तरी माझ्या पोटात दुखतं. नवरा म्हणतो, तुझ्या तोंडावर लगेच दिसतं. दिसत असेल. पण त्या मुलीच्या बाबतीत प्रकरण तोंड वाकडं करण्यावर थांबलं नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

मी मूळची साताऱ्याची. नवऱ्याच्या नोकरीमुळे म्हैसूरला आले आणि इथल्याच हेब्बाळ भागातल्या एका कंपनीत लागले. आमची कंपनी ब्राउझर बनवते, म्हणजे ज्यातून तुम्ही वेबसाइट उघडता ते. त्यातला एक लहानसा भाग माझा. फॉर्म भरताना आपण जिल्हा निवडतो, जन्मसाल निवडतो, तेव्हा खाली एक यादी उघडते ना, ती उघडायची, दाखवायची आणि मिटायची, एवढं काम माझं कोड करतं. आमच्याकडे अशा प्रत्येक भागाला एक मालक असतो. मालकाने वाचून ओके दिल्याशिवाय तिथे कुणी एक ओळ बदलू शकत नाही. बारा वर्षं त्या यादीची मालकीण मी होते. आणि उगाच खोटं कशाला बोलू, त्याचा मला तोरा होता.

मग ही आली. सव्विसेक वर्षांची, आमच्या टीममधली नवी मुलगी. इथल्या अग्रहार भागातलं मराठी घर. म्हैसुरात किती पिढ्या झाल्या ते त्यांचं त्यांनाही नीट सांगता येत नाही. घरी मराठीच, पण दर वाक्यात दोन शब्द कन्नड. 'अक्का, हे सुम्ने असंच ठेवलंय, का त्याला काय कारण आहे?' असं विचारायची. तिचं ते मराठी ऐकून मला सुरुवातीला बरं वाटायचं. जेवताना मी तिला सुधारायचेसुद्धा. ती 'आयतु अक्का', म्हणजे बरं अक्का, म्हणून मान डोलवायची आणि पुढच्याच वाक्यात पुन्हा तेच.

जेमतेम दोन महिने झाले होते. एका मंगळवारी सकाळी ती लॅपटॉप हातात धरून माझ्या टेबलाशी आली. 'अक्का, रागावू नका हं. मला वाटतंय तुमच्या यादीत एक भोक आहे.'

भोक खरंच होतं. आपण यादीतून काही निवडलं की ब्राउझर त्या पानाला कळवतो, निवड झाली बरं का. मग पुढे काय करायचं ते पान ठरवतं, कारण तिथे पानाचं स्वतःचं कोड चालतं. आता एखाद्या लबाड पानाने नेमक्या त्याच क्षणी ती यादीच पुसून टाकली तर? यादीची मेमरीतली जागा मोकळी होते आणि दुसऱ्या कुणाला तरी मिळते. माझ्या कोडला मात्र याचा पत्ताच नाही. लॉजची खोली सोडली आणि किल्ली खिशातच राहिली, तसली गत. आत आता दुसरा माणूस उतरलाय, आणि माझं कोड जुन्या किल्लीने दार उघडून आत शिरतं, समोर जे पडलंय ते आपलंच म्हणून वापरतं. तो दुसरा माणूस कोण असावा हे हल्ला करणाऱ्याला ठरवता येतं. म्हणजे तुम्ही साधं एक पान उघडलं, त्यात एक जिल्हा निवडला, की तुमचा अख्खा फोन त्याच्या हातात.

तिने एक चाचणीचं पान लिहून आणलं होतं. आमच्याकडे ब्राउझरची एक खास प्रत असते, ती असं सोडलेल्या जागेत पाऊल पडलं की जागच्या जागी बंद पडते आणि लाल अक्षरांत सगळा लॉग काढते: जागा कुणी घेतली, कुणी सोडली, सोडल्यावर कुणी वापरली. तिसऱ्या ठिकाणी माझी ओळ होती, मी माझ्या हाताने लिहिलेली.

बाई गं, काय जळफळाट झाला माझा! लाज वगैरे फार नंतर आली. आधी एकच डोक्यात, की बारा वर्षं जे मला दिसलं नाही ते या कालच्या पोरीला कसं दिसलं? मॅनेजरने दुपारी आम्हा पाच जणांना खोलीत बोलावलं. असला बग लोकांपर्यंत अपडेट पोचेपर्यंत गुपित ठेवतात, त्यामुळे पाच जणांखेरीज कुणाला सांगायचं नाही. अपडेट पुढच्या बुधवारी जाणार होतं. त्याआधी भोक बुजलं पाहिजे. मॅनेजर तिच्याकडे पाहून म्हणाले, 'शाब्बास. फिक्स तूच लिही.' आणि माझ्याकडे न बघता, 'तुम्ही तपासून ओके द्या.' माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

संध्याकाळी तिचा फिक्स आला. आठ ओळी. निवडीचं काम संपेपर्यंत यादीला हाताने धरून ठेवायचं, म्हणजे पानाने कितीही पुसली तरी तिची जागा मोकळी होणार नाही. मी लिहिला असता तर असाच लिहिला असता, आणि हेच मला सहन होईना. मग मी खुसपटं काढायला बसले. बुधवारी कळवलं, कोडमधलं हे नाव फार लांब आहे. गुरुवारी कळवलं, कॉमेंटच्या शेवटी फुलस्टॉप नाही. मग ओळींचा क्रम. मग रिकामी जागा. दर वेळी तिचं उत्तर यायचं, 'आयतु अक्का, केलं. थँक्स.' त्या थँक्सने तर माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

शुक्रवारी जेवणानंतर सांगायला खुसपटच उरलं नाही. तेव्हा मी ठरवलं, हिचा फिक्स मोडूनच दाखवते. यादी धरून ठेवली, ठीक. पण यादी ज्या चौकटीत बसलेली असते, पानाच्या आत जे दुसरं लहान पान असतं, ती चौकटच कुणी पुसली तर? यादी जिवंत राहील, पण तिच्या खिशात चौकटीची जुनी किल्ली असेलच की! मी पान लिहिलं, चालवलं, आणि स्क्रीन लाल झाला.

'सापडलीस!' मी मोठ्याने म्हणाले. शेजारच्या टेबलावरच्या माणसाने वळून पाहिलं.

आता करायचं काय होतं, तर दोन ओळी लिहून तिला कळवायचं. मी लिहिल्या आणि पुसल्या. आत्ता सांगितलं तर काय होईल? फिक्स तिचाच राहील, आणि माझी ही सूचना फुलस्टॉपच्या रांगेत जाऊन बसेल. तेच बुधवारनंतर सांगितलं तर? नवा बग, शोधणारी मी. शिवाय पोरीचं काम अर्धवट होतं हे आपोआप सगळ्यांना कळेल. मी ओके दिला.

आत शिरायच्या या वाटेची कुणाला कल्पना नाही, चार दिवसांनी काय बिघडतंय, असं मी स्वतःला समजावलं. शुद्ध खोटं होतं ते. अपडेट बाहेर गेलं की नेमके वाईट लोकच काय बदललं ते उघडून वाचतात आणि त्याच्याच आजूबाजूला खणायला लागतात. नव्या पोरांना हे शिकवते कोण? मीच.

शनिवारी देवराज मोहल्ल्यात शिंप्याकडे ब्लाउज आणायला गेले, तर दारातच ही आणि तिची आई. तिने ओळख करून दिली. आईने माझा हातच धरला.

'तुम्हीच की त्या अक्का! अय्यो, चार दिवस झाले हिला, धड जेवण नाही, झोप नाही. माझ्याकडून काय चुकलं तर लोकांचं वाटोळं होईल, म्हणत बसायची. काय ते आम्हाला सांगतही नाही. काल संध्याकाळी आली आणि म्हणाली, अम्मा, अक्कांनी बघितलं, आता भय नाही. सकाळी नऊपर्यंत झोपली बघा.'

'अम्मा, साकु,' ती लाजून म्हणाली. पुरे म्हणून. मग माझ्याकडे वळली. 'पण खरंच अक्का. तुम्ही फुलस्टॉपसुद्धा सोडत नाही. म्हणून मग मी परत तपासलंच नाही.'

मी हसले. हो, हसले! तिथेच तोंड उघडायला हवं होतं, पण आईसमोर कसं बोलायचं, रस्त्यात कसं बोलायचं, असं करत करत ब्लाउज घेऊन घरी आले. रविवारी मला काही गोड लागलं नाही. नवऱ्याने विचारलं तर त्याच्यावरच खेकसले.

सोमवारी साडेआठलाच ऑफिसात जाऊन बसले. माझं चाचणीचं पान आणि लॉग तिला पाठवला. सोबत लिहिलं, 'आज सहज पुन्हा पाहताना हे लक्षात आलं.' ती आली ती धावतच. 'अय्यो अक्का, चौकट मी कशी विसरले! बरं झालं तुम्ही बघितलं!' आम्ही शेजारी शेजारी बसलो. यादीने चौकटीचा पत्ता नुसता खिशात ठेवायचा नाही, दर वेळी आधी विचारायचं, आहेस का? नसेल तर गुपचूप परत फिरायचं. बारापर्यंत झालंसुद्धा. तिचं पान चाललं, माझं पान चाललं, कुठे लाल नाही. ती इतकी भराभर विचार करते की शेजारी बसूनही माझा जीव जळत होता.

मग बगच्या नोंदीला जोडायचा म्हणून तिने माझा लॉग उघडला.

आमच्या लॉगमध्ये प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला तारीख आणि वेळ छापलेली असते. शुक्रवार, चार वाजून दहा मिनिटं. आणि बाजूच्याच खिडकीत बगच्या नोंदीत माझा ओके. शुक्रवार, चार चाळीस. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ते पान सकाळी पुन्हा चालवून नवा लॉग काढायला मला दोन मिनिटं लागली असती. दुसऱ्याचे फुलस्टॉप मोजणारी मी, मला ते सुचलं नाही.

तिचं बोट थांबलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

'शुक्रवारी,' ती म्हणाली.

'हो.'

तिने बाजूच्या खिडकीतला माझा ओके वाचला. 'अम्मा तुमच्याशी बोलली तेव्हा पण?'

'हो,' मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते? ती ओरडली असती तर मीही ओरडले असते, माझी तयारी होती. ती उठून आपल्या जागेवर गेली.

असा बग मिटला की त्याचा वृत्तांत लिहायचा आमच्यात नियम आहे. काय चुकलं, कुणी पकडलं, कधी पकडलं. अपडेट गेल्यावर तो सगळ्या टीमसमोर वाचतात. लिहायचा तिने. मंगळवारभर मी तिच्या पाठीकडे बघत बसले. ती टाइप करत होती. बारा वर्षांची मालकी आता जाणार, आणि जावी तशीच जाणार.

बुधवारी अपडेट गेलं. दुपारी मॅनेजरने वृत्तांत वाचला. 'दुसरी वाट भागाच्या मालकांनी तपासणीत पकडली. त्यांच्यामुळे अर्धवट फिक्स बाहेर गेला नाही.' पुढे माझं नाव. टाळ्या वाजल्या. कुणीतरी म्हणालं, अनुभव तो अनुभव. मी जागेवर येऊन पहिलं काय केलं असेल, तर जोडलेला लॉग उघडला. सोमवार, साडेबारा. तिने माझं पान जुन्या, अर्धवट फिक्सवर स्वतः पुन्हा चालवून नवा लॉग काढला होता.

मला हवं होतं ते सगळं मिळालं होतं, आणि तरी मी जळत होते. या वेळी तिच्या हुशारीवर नाही. तिच्या जागी मी असते तर शुक्रवारचाच लॉग जोडला असता, वेळेखाली रेघ ओढून. हे मला पक्कं माहीत आहे. आता तिलाही माहीत आहे.