वजनदार पेट्या

स्टार्चच्या कारखान्यातल्या वायरमनला सगळे झाकणतात्या म्हणत. विजेची एखादी पेटी उघडी दिसली, की हातातला घास ठेवून ते झाकण लावायला उठायचे. त्यांची बायको तिथेच चाळणीखात्यात कामाला होती. त्या खात्यात हवेत पीठ इतकं, की दुपारपर्यंत बायकांच्या पापण्या पांढऱ्या व्हायच्या.

एका सकाळी तिथल्या जुन्या पेटीत ठिणगी पडली आणि आत साचलेलं पीठ भपकन पेटलं. एकीच्या भुवया गेल्या, तेवढ्यावर निभावलं. साहेबांनी चाळण्या बंद केल्या आणि तात्यांना न विचारता चाळीस नव्या पेट्या मागवल्या.

पेट्या आल्या त्या चांगल्या जाडजूड, ओतीव लोखंडाच्या. एक उचलायला दोन माणसं लागत. तात्यांनी झाकण उघडलं. कडेला रबराची पट्टीच नव्हती.

"साहेब, या गॅसच्या जागेसाठीच्या पेट्या आहेत. आत भडका झाला तर तो बाहेर येऊ न देणाऱ्या. आपल्याला पीठ आतच न शिरणारी पेटी हवी, आणि ती तापताही कामा नये. पीठ वर गोधडीसारखं बसतं, उष्णता कोंडते."

"तात्या, हिच्यावर हत्ती नाचला तरी फुटायची नाही!"

"हत्ती कुठून शिरणार, साहेब? पीठ शिरेल."

साहेब हसले. सगळ्या पेट्या बदलायला दोन महिने लागणार होते आणि चाळण्या सोमवारी सुरू व्हायच्या होत्या. तात्यांनी एक पेटी पोत्यात पीठ भरण्याच्या जागी ठेवली आणि दोन दिवसांनी साहेबांसमोर उघडली. तळाशी पांढरी साय धरली होती.

"एवढंसं? फुंकर मारली की उडेल."

"उडेल, तेच तर भय आहे. हवेत उडालेलं पीठच भडकतं."

साहेबांनी बाहेरचा ठेकेदार बोलावून पेट्या बसवून घेतल्या. तात्यांनी तपासणीच्या कागदावर सही केली नाही. ती दुसऱ्या कुणीतरी केली. त्या आठवड्यात ते ज्याला त्याला समजावत सुटले. पण त्या पेट्यांचं वजन बघून कुणाला पटेना. पालथ्या घड्यावर पाणी.

रविवारी त्यांनी बायकोपुढे हात जोडले. "उद्या जाऊ नकोस."

"आणि माझ्या जागी दुसरी उभी राहील, तिचं काय? तिचा नवरा वायरमन नाही म्हणून तिने जळायचं?"

तात्यांनी घरचं कुलूप काढून खिशात टाकलं.

सोमवारी सकाळी त्यांनी चाळणीखात्याचा मुख्य स्विच बंद केला, त्याला ते कुलूप घातलं आणि पाठ लावून उभे राहिले. साहेब लालबुंद झाले. पहारेकरी आले. "मला हाकला, पण आधी पेटी बघा," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. तेवढ्यात बायको गर्दीतून पुढे आली.

"अहो, साहेबांना किती सांगाल? आम्हाला दाखवा ना."

तात्यांनी पोत्यांजवळ ठेवलेली ती पेटी आणवून उघडली. भुवया गेलेल्या बाईने आतून बोट फिरवलं, पांढरं झालेलं बोट सगळ्यांना दाखवलं आणि फाटकाकडे चालू लागली. तिच्यामागे बाकीच्या निघाल्या.

चाळण्या तीन आठवडे बंद राहिल्या. मग पट्टीच्या, पिठाला दाद न देणाऱ्या पेट्या आल्या, पण वीसच. उरलेल्या नंतर येतील, तोवर अर्ध्या बाजूला लोखंडीच राहतील, असं साहेबांनी सांगितलं. बायका तरी किती दिवस घरी बसणार? त्या कामावर परतल्या. तात्यांना मात्र फाटकाच्या आत मज्जाव झाला.

आता ते दुपारी फाटकासमोर उभे असतात. नव्या पेट्यांना तारांचे पाइप कुणी जोडले, पाइपांचे आटे पुरते पाच तरी आत बसले की नाहीत, मोकळी भोकं बुजवली की नाहीत, काही कळायला मार्ग नाही. बायको बाहेर आली की ते आधी तिचा चेहरा न्याहाळतात.

"आज कुठल्या बाजूला उभी होतीस?"

"त्या लोखंडी पेट्यांच्या," ती सांगते, आणि त्यांच्या हातात डबा देऊन पुढे चालू लागते.