दिवसाला दोन पेले

दिनानाथ पेणच्या खारपट्टीतला, मिठागरावर वाढलेला. मिठागराची रीत अशी, की सकाळी मीठ घातलेली पेज प्यायची आणि काम सुटेपर्यंत पाण्याला तोंड लावायचं नाही. मधेच पाणी पिणारा कामचुकार, असा समज.

हीच खोड घेऊन तो दुबईला बांधकामावर गेला. तिथली हवा इतकी दमट की अंगावरचा घाम वाळतच नाही. मुकादम पाण्याची बाटली पुढे करी, तेव्हा हा हसे, "आमी खारातली मानसं, आमाला काय व्हतंय?" लघवी लाल झाली तरी कुणाला बोलला नाही. तिथल्या नवव्या वर्षी कामावरच्या जिन्यातच कोसळला.

दोन्ही मूत्रपिंडं गेली. आता गावी परतून आठवड्यातून तीनदा अलिबागला डायलिसिस, आणि प्यालेलं पाणी अंगातच साठतं म्हणून दिवसाला दोनच पेले पाणी. ते बायको ठमाबाई मोजून देते.

"आजून येक घोट दे गो."

"न्हाय. फोनवर मी बोंबलून सांगत व्हते, पानी प्या. तवा तोंड शिवलं व्हतं काय?"

"तवा ताहान मारायची सवय व्हती."

"मंग मारा आता."

तिने हंडा उचलून आत नेला. दिनानाथ ओठांवरून जीभ फिरवत बसला. दुपारचे बाराही वाजले नव्हते, आणि दुसरा पेला संपला होता.