ओट्यावरची बैठक

त्या दिवशी साखरखेर्ड्याचा बाजार होता. शाळा सुटल्यावर मी भाजी घ्यायला गेलो होतो. वांगी निवडत असताना मेहकरहून आलेल्या एसटीचा कंडक्टर मला शोधत आला. म्हणाला, "गुरुजी, डोणगावचे याकूबभाई गेले. सकाळी." बाईने वांगी तोलून ठेवली होती. मी ती पिशवीत घेतली आणि पुढची गाडी किती वाजता आहे ते विचारलं.

याकूब माझा थोरला भाऊ. मी त्याला भाईजान म्हणायचो. डोणगावात त्याचं शिवणकामाचं दुकान होतं. दफन करून परतताना लोक त्याचे किस्से सांगू लागले. माणूस असतो तोवर असे किस्से कोणी साठवत नाही. तो गेला की कुठून कुठून निघतात. एकाने एक सांगितला की दुसऱ्याला दुसरा आठवतो. त्यातले बरेचसे मशिदीच्या ओट्यावरच्या बैठकीचे होते.

*

ही बैठक भाईजाननेच सुरू केली. महाराष्ट्र होऊन दोनेक वर्षं झाली असतील. मोहरमचा चांद दिसला की आमचं नवं वर्ष लागतं. त्या संध्याकाळी मगरिबची नमाज झाली की भाईजान, कापसाचे व्यापारी रहीमसेठ, गफूर टांगेवाला आणि मी ओट्यावर बसायचो. मी त्यासाठी दरवर्षी साखरखेर्ड्याहून यायचो. सरत्या वर्षात आपलं काय चुकलं, ते ज्याने त्याने सांगायचं. माणसं बदलल्याशिवाय मोहल्ला बदलणार नाही, असं भाईजानचं म्हणणं. नियम एकच होता : आपलं सांगायचं, दुसऱ्याचं नाही.

पहिल्या वर्षी रहीमसेठ वयाने मोठे म्हणून त्यांनी सुरुवात केली. शेजाऱ्याचा खोटेपणा आपण फार दिवस सहन केला, ही आपली मोठी चूक, असं त्यांनी सांगितलं.

भाईजान म्हणाला, "सेठ, हे तं त्याचं झालं. तुमचं सांगा."

रहीमसेठ पाणी प्यायला उठले, ते बराच वेळ आले नाहीत.

*

त्या संध्याकाळी भाईजान सगळ्यांत शेवटी बोलला.

"जुबेदाले चौथीनंतर घरी बसवलं. हे माह्यं चुकलं."

जुबेदा त्याची एकुलती मुलगी. पाचवीचा वर्ग गावाच्या दुसऱ्या टोकाला, बाजार ओलांडून. मोहल्ल्यातल्या कोणाचीच मुलगी तिकडे जात नव्हती. गफूरने डोळे पुसले. भाईजानचं मन किती मोठं, असं आम्ही घरी जाताना एकमेकांना म्हणालो.

*

एका वर्षी आभाळ भरलेलं होतं. अर्धा मोहल्ला म्हणे चांद झाला, अर्धा म्हणे उद्या. मौलवीसाहेबांनाही निकाल देता येईना. आवाज चढले. भाईजान मात्र ओट्यावर जाऊन बसला.

"चांद उद्या दिसो," तो म्हणाला, "चुका तं आजबी दिसून राह्यल्या."

त्या वर्षी बैठक दोनदा झाली. दुसऱ्या संध्याकाळी गफूरकडे सांगायला नवी चूक होती. चांदावरून तो दिवसभर भांडला होता!

*

मुलाचं लग्न अगदी साधं करीन, असं रहीमसेठनी एका वर्षी बैठकीत सांगितलं. लग्न झालं तेव्हा मांडव रस्त्यापर्यंत आला होता आणि बॅण्ड थेट अकोल्याहून. भाईजान रोजच्या कपड्यांत गेला. दारात रहीमसेठ स्वागताला उभे होते. भाईजानने त्यांना नम्रपणे विचारलं, "सेठ, मले एका साध्या लग्नाचं बोलावणं हाय. ते कोणाच्या घरी हाय, सांगता काय?"

रहीमसेठनी हा किस्सा कब्रस्तानाच्या फाटकाशी स्वतःच सांगितला.

*

भाईजान दरवर्षी जुबेदाचंच सांगायचा. शेवटी गफूर वैतागला. "याकूब, दरसाल तेच काऊन? एखादी नवी चूक कर नं बे!"

आम्ही हसलो. भाईजान हसला नाही. "पोरीले सांगितल्याबिगर हे कसं सुटन?" तो म्हणाला.

इतकी वर्षं त्याने हे घरी सांगितलंच नव्हतं, हे आम्हाला तेव्हा कळलं. जुबेदाचं तोवर मेहकरला लग्न झालं होतं. गफूर म्हणाला, टांगा माझा, उद्याच जाऊ. भाईजान म्हणाला, पुढचा चांद दिसायच्या आत जातो.

*

पुढचा चांद दिसला तेव्हा ओट्यावर आम्ही तिघंच होतो. कोणालाच सुरुवात करता येईना. जुबेदा आईजवळ येऊन राहिली होती. रहीमसेठ म्हणाले, तो दरसाल जे बोलायचा, ते आता आपण तिला सांगून येऊ.

आम्ही गेलो. तिने आम्हाला शिलाई मशीनजवळ बसवलं, चहा दिला. रहीमसेठनी सगळं सांगितलं. तिने मान खाली घालून ऐकून घेतलं. मग विचारलं, "काका, अब्बा हे पयल्यांदा कवा बोलले?"

"पयल्याच बैठकीत, बाई," रहीमसेठ अभिमानाने म्हणाले. "तू नुकतीच घरी बसली होती."

जुबेदा कपबशा गोळा करत होती. म्हणाली, "मंग तवा तं मी दहाच वर्षाची होती."

त्या पहिल्या संध्याकाळी ओट्यावर आम्ही चौघं होतो. 'मग उद्या तिला शाळेत घाल,' असं आमच्यापैकी कोणीच म्हटलं नाही.