तलवारीचे डाग

आता कोणत्या तोंडानं सांगू तुम्हाला? पण चहा आलाच आहे, तर ऐका. माझं लग्न एका तलवारीपायी मोडता मोडता राहिलं, आणि त्या तलवारीनं कुणाला साधा ओरखडाही काढला नव्हता!

घरोघरी पितळ मोडीत घालून लोक स्टील घेत होते, तेव्हाची गोष्ट. मी नागपूरच्या इतवारी बाजारात स्टीलच्या भांड्यांना मशीनवर पॉलिश मारायचो. मौद्याच्या सुमनला मी पसंत, मला ती पसंत. अडून बसले होते तिचे बाबा; मी त्यांना काका म्हणायचो. भांडी घासणारा जावई त्यांना नको होता.

दसरा तोंडावर आला. त्यांच्या देवघरात पणजोबांची तलवार होती. म्हटलं, हाच मोका! पूजेआधी चमकवून आणतो म्हणालो. मुठीपाशी गंज आहे तेवढा काढ, म्हणाले. चादरीत गुंडाळून एसटीनं नागपूरला आणली. पाहतो तर गंज चिमूटभर, पण पात्यावर टोकापर्यंत काळपट नागमोडी डाग. किती वर्षं धुतली नसेल बिचाऱ्यांनी? मला त्यांची कीवच आली. लावली मशीनवर!

दसऱ्याला सकाळी चादर उलगडली. काकांना पात्यात स्वतःच्या मिशा दिसल्या आणि ते मटकन पाटावर बसले.

"यातली लहर कुठं गेली गा?"

तेव्हा कळलं, ते डाग नव्हते. जुन्या पोलादाच्या अंगचीच नक्षी होती ती, घराण्याचा अभिमान. संपलं, म्हटलं. मी दाराशी जाऊन चपला शोधू लागलो.

सुमननं मला दारातच थांबवलं, पॉलिशचा तेलकटपणा जावा म्हणून तलवार राखेनं धुतली, पूजा झाली. रिवाजाप्रमाणे काकांनी त्या तलवारीनं लिंबू कापलं. रस पात्यावर पसरला आणि थोड्या वेळानं तिथं राखाडी रेघा उमटू लागल्या.

"आली पाह्य वं सुमन, लहर आली!" काकांचे डोळे भरून आले.

मी धावत आत गेलो. नक्षीचं डोक्याला कळलं होतं हो, पण हाताला कुठं कळलं होतं? पात्यावर डाग दिसले, खिशातलं पॉलिशचं फडकं निघालं, आणि घसाघस पुसून मी तलवार पुन्हा चकाचक करून ठेवली!

मग सुमनच हळूच म्हणाली, "बाबा, लिंबं टोपलीभर आहेत. पन पहिले यांच्या हातातलं फडकं काढून घ्या."

काका पोट धरून हसले. "तुले हाच नवरा पाहिजे न? मंग जन्मभर तूच सांभाळ याले."

अजून दसऱ्याला लिंबू कापायचा मान माझाच असतो. फक्त त्याआधी सुमन सगळ्यांसमोर माझे खिसे तपासते.